तिसरी पुकार

कोर्लईच्या देवळात लग्नाची नावं तीन रविवार पुकारतात. मिसा संपत आली की फादर चष्मा कपाळावर सरकवतात आणि मोठ्यानं सांगतात, की अमक्याचा मुलगा अमका आणि तमक्याची मुलगी तमकी लग्न करू पाहताहेत. कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्यानं तो बोलून दाखवावा, पोटात ठेवू नये. मग सगळं देऊळ क्षणभर गप्प होतं. कुणी खोकतं, कुणाचं मूल रडतं, आणि फादर पुढं जातात. तीन रविवार असे सुखरूप गेले की मुलगी नवऱ्याची झाली, असंच गाव धरून चालतं. अंगठी काय, नंतरही घालता येते.

लुईजाचं नाव पहिल्या वेळी दोनदाच पुकारलं गेलं होतं.

ते साल सत्तेचाळीसचं. पावसाळ्यात कुणी लग्न काढत नाही, पण नवरा मुलगा पास्कू आगबोटीवर नोकरीला, त्याला रजा तेवढीच. नावं पुकारली जात होती तेव्हा तो मुंबईतच होता, गावकऱ्यांच्या सामायिक खोलीवर. लुईजानं त्याला सांगावा धाडला : तिसऱ्या रविवारी तू देवळात पाहिजेस. बाकीचे दोन तुझ्याविना गेले, तिसरा जाऊ देणार नाही. सांगावा नेणारा हसला होता. ती मात्र थट्टेनं बोलत नव्हती.

गुरुवारी सकाळी पास्कू ट्रंक घेऊन खोलीवरून निघाला. रेवसच्या बोटीनं जातो म्हणाला. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट ‘रामदास’ होती.

ती वाटेतच बुडाली, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. कित्येक दिवस किनाऱ्याला प्रेतं लागत होती. पास्कूची आई मोनिका, गाव तिला मोनिमाय म्हणे, आणि लुईजा, दोघी पावसात वाळू तुडवत हिंडल्या. वाहून आलेल्या प्रत्येक माणसाचं तोंड त्यांनी पाहिलं. पास्कू मिळाला नाही. तिसऱ्या रविवारी फादरांनी चष्मा कपाळावर सरकवला, खाली ओढला, आणि काही न पुकारता आत गेले.

नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, कबरींवर मेणबत्त्या लावतात तेव्हा, देवळामागच्या दफनभूमीत एक खड्डा खणला गेला. त्यात पास्कूचा लग्नासाठी शिवलेला कोट ठेवला आणि त्याचे नवे काळे बूट. फादरांनी विधी केला नाही, नुसती प्रार्थना म्हटली. वर लाकडी क्रूस रोवला. मोनिमायनं स्वतःच्या हातानं पहिली मेणबत्ती लावली. नवरा आधीच गेलेला, हा एकच मुलगा. बाई ओणवी झाली ती उठेचना. लुईजानंच तिला उचलून घरी नेलं.

त्या दिवसापासून लुईजानं काळं लुगडं नेसायला घेतलं. न झालेल्या नवऱ्यासाठी कुणी काळं नेसत नाही, पण तिला कुणी अडवलं नाही. गावात तिला अर्धी पुकारलेली म्हणू लागले. दोन हाका मेलेल्याच्या नावावर गेल्यात, तिसरी तो परत मागायला येईल, असं बायका विहिरीवर बोलत. लहान पोरी तिच्या दारावरून पळत जात. ज्या घरात सोयरीक चालली असेल त्या घरात तिनं पाऊल टाकू नये, हेही तिला न सांगता कळलं.

पोटासाठी ती शिडं शिवी. रेवदंड्याच्या कोळ्यांच्या होड्यांची फाटकी शिडं तरीच्या होडीतून खाडीपार येत. ओसरीवर ते जाड कापड पसरून, दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन ती दिवसभर बसे. तिची शिवण वादळात उसवत नाही, असं कोळी म्हणत. दोन्ही वेळचं जेवण ती मोनिमायच्या घरी नेई. म्हातारीच्या डोक्याला तेल, गुडघ्यांना शेक, सणाला नवं लुगडं, सगळं तीच करी. सख्खी सून करणार नाही इतकं करते, असं फादर गोन्साल एकदा प्रवचनात बोलून गेले.

आणि दर वर्षी, जुलैच्या त्या तारखेला, ती मोनिमायपुढं गुडघे टेकी.

“माय, मी बोलावलं म्हणून तो त्या बोटीत चढला. मला माफ कर.”

म्हातारी थोडा वेळ भिंतीकडे बघत राही. मग आपला सुरकुतलेला हात लुईजाच्या डोक्यावर ठेवी. “देवानं केलं माफ. मीबी केलं.” मग दोघी जेवत.

मेलेल्यांच्या दिवशी मात्र मोनिमाय क्रूसाजवळ यायची नाही. फाटकाशीच दगडावर बसायची. “माझा हात कापतो गो. तूच लाव.” लुईजा लावी. एका वर्षी शेजारच्या नीकलावच्या पोरानं मेणबत्तीचा तुकडा मोकळ्या जमिनीवर लावला नि म्हणाला, ही मुंबईच्या काकाची. त्याच्या आईनं फाडकन त्याच्या थोबाडीत मारली आणि मेणबत्ती पायानं विझवली. जिवंत माणसासाठी तिथं मेणबत्ती लावली, तर ती जळेल तेवढंच त्याचं आयुष्य उरतं, हे गावात कुणाला शिकवावं लागत नाही. सगळे त्या पोरावर ओरडत होते. मोनिमाय दगडावरून उठून कधी घरी गेली ते कुणी पाहिलं नाही.

दुमिंग सुतार वसईकडचा. रेवदंड्याला होड्या बांधायच्या कामावर आला आणि राहिला. बायको बाळंतपणात गेली होती, मूलही. चाळिशीला टेकलेला, दाढीत पांढरं आलेलं, हातावर डांबराचे डाग. पहिल्यांदा एक शीड घेऊन आला, तेव्हा शिवण उलटसुलट करून बघत म्हणाला, “शीड झकास शिवलंय. पण शिवणारणीच्या पडलेल्या तोंडाला ठिगळ कोण लावणार?”

“होडी बांधणाऱ्यानं होडीकडं बघावं,” लुईजा दाभण न थांबवता म्हणाली.

तो हसला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. मग पुन्हा. तरीवाला नामा कोळी वल्हं मारता मारता खाकरला. “काय रं सुतारा, तुझं शीड हाय का चाळण? दर शनवारी फाटतंय ते?”

“वाराच तसा हाय, नामादादा.”

“वारा न्हाय. वाऱ्याला काळं लुगडं नसतंय.” मग नामानं आवाज उतरवला. “जपून ऱ्हा. तिच्या दोन हाका पान्यात हायत.”

दुमिंगनं ते तिलाच येऊन सांगितलं. तिनं दाभण खाली ठेवलं. मग पहिल्यांदाच तिनं त्याला सगळं सांगितलं : सांगावा, ट्रंक, वाळूवरची तोंडं. “मी बोलावलं आणि तो बुडाला. मला माणसं बोलवायची भीती वाटते.”

“मंग नको बोलवूस,” दुमिंग म्हणाला. “मी न बोलावताच येतो की.”

असा तो दोन वर्षं न बोलावता येत राहिला. अठ्ठावन्नच्या नाताळाआधी तिनं फादर गोन्सालांकडे जाऊन नाव दिलं. ईस्टरआधीच्या उपासकाळात लग्नं लागत नाहीत, म्हणून तो लागायच्या आत लग्न करायचं ठरलं. मोनिमायला तिनंच सांगितलं. म्हातारी चुलीपुढं भाकरीचा तुकडा मोडत होती.

“रेवदंड्याला ऱ्हाशील?”

“व्हय. पण तू चल आमच्यासंगं. दुमिंगच म्हणतोय.”

म्हातारीनं मान हलवली. “पास्कू आला तर दार कोण उघडंल?”

लुईजाच्या हातातलं भांडं खाली पडलं. म्हातारं माणूस, काहीबाही बोलतं, असं तिनं मनाला समजावलं. पण त्या संध्याकाळपासून मोनिमायनं एक नवीनच सुरू केलं. दिवेलागणीला ती लुईजाच्या ओसरीवर येऊन बसे आणि खाडीकडे तोंड करून बघत राही. बोलायची नाही. कुणी विचारलं तर म्हणे, “वाट बघते.” शेजारणी दारं लावून घेऊ लागल्या.

पहिल्या रविवारी नावं पुकारली गेली. देवळातल्या शांततेत सगळ्या माना मोनिमायकडे वळल्या. ती माळ ओढत बसली होती. दुसऱ्या रविवारीही तसंच. त्या दिवशी मिसा चालू असताना देवळाच्या छपरावरून एक कौल घसरून पायरीवर फुटलं. वानर असणार, डोंगरावरच्या किल्ल्यातून उतरतातच ते. तरी बायकांनी क्रूसाची खूण केली. एकीनं लुईजाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, “दोन झाल्या. आता तिसरी.”

त्याच दुपारी दुमिंगनं सांगितलं, की त्याला मुंबईवरून वसईला जावं लागणार. तो विधुर, त्याच्या वसईच्या फादरांची तशी चिठ्ठी आणल्याशिवाय फादर गोन्साल लग्न लावणार नव्हते. एसटीनं अलिबाग, तिथून रेवस, आणि रेवसवरून लाँच. तीच वाट.

“दुसरी वाट न्हाय?” लुईजानं विचारलं.

“हाय की. पोहत.” तिचं तोंड बघून त्यानं थट्टा आवरली. “समुद्र बघ, गार तव्यासारखा सपाट पडलाय. गुरुवारी जातो, शनवारी सांजच्या तरीला हजर.”

“गुरुवारी नको.”

“का?” विचारता विचारताच त्याला उमगलं. “बुधवारी जातो.”

तो बुधवारी गेला. माघातलं धुकं सकाळी खाडीवर उतरे ते ऊन चढेपर्यंत हलत नसे. त्या धुक्यातून नामाची हाळी येई, पण होडी दिसत नसे. लुईजा शीड पुढं घेऊन बसली, की दोरा सारखा तुटे.

शनिवारी सांजच्या तरीला ती धक्क्यावर उभी होती. होडी आली. त्यातून दोन कोळणी उतरल्या आणि नंतर एक बोकड.

“सुतार न्हाय,” नामा म्हणाला. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली.

“अलिबागची गाडी आली?”

“आली गो. ह्या बाया तिच्यातल्याच.”

कोळणींतली एक म्हणाली, “रेवसला लाँच आलीच नाय दुपारची. लोक बसल्यात बंदरावर.”

लुईजा धक्क्यावरून परतली ती देवळाच्या वाटेलाच लागली. तिच्या मनात आता काही शंका उरली नव्हती. तिनं एका माणसाला बोलावलं, तो गेला. दुसऱ्याला बोलावलंही नव्हतं, तरी तो गेला. अजून वेळ होती. नाव तिसऱ्यांदा पुकारलं जायच्या आत मागं घेतलं, तर समुद्र कदाचित त्याला सोडेल. ती फादरांना एवढंच सांगणार होती, की उद्या माझं नाव घेऊ नका, आणि पुन्हा कधीच घेऊ नका.

वाटेत तिच्याच ओसरीवर मोनिमाय बसली होती, रोजच्यासारखी खाडीकडे बघत.

“आला न्हाय?” तिनं विचारलं.

“न्हाय. मी नाव मागं घ्यायला चाललेय, माय. तू म्हणत होतीस ते खरं, पास्कू मला सोडायचा न्हाय. मी कुठं जायची न्हाय.”

म्हातारीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. संधिप्रकाशातही तो लपला नाही. तिनं लुईजाचा हात धरला. “चल, मीबी येते.”

देवळाच्या वाटेवर दफनभूमीचं फाटक लागतं. लुईजा तिथं थांबली. कमरेच्या पिशवीत दोऱ्याला लावायच्या मेणाबरोबर मेणबत्तीचे तुकडे असतच. एक तुकडा तिनं काढला.

“आधी त्याच्याकडं जाऊ. त्यालाच सांगते, की मी तुझीच हाय, दुसऱ्याला सोड म्हणून. तू लाव आज, माय. तुझ्या हातची ऐकंल तो.”

“माझा हात कापतो.”

“मी धरते ना हात.”

तिनं म्हातारीला क्रूसापर्यंत नेलं. काडी ओढली. मोनिमायच्या बोटांत मेणबत्ती दिली, वरून आपला हात धरला आणि काडी वातीजवळ नेली. म्हातारीनं असा हिसडा मारला, की त्या वाळक्या हातात इतकं बळ कुठून आलं ते कळेना. मेणबत्ती गवतात पडली. ती बाईमाणूस नव्हे, जाळ्यात सापडलेलं जनावर ओरडावं तशी ओरडली,

“जित्याला मेणबत्ती लावतीस?”

लुईजाच्या बोटांपर्यंत काडी जळत आली तेव्हा तिनं ती टाकली.

मोनिमायनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. पण उशीर झाला होता, आणि ते तिलाही कळलं. ती हळूहळू क्रूसाशेजारी खाली बसली आणि बोलायला लागली. पास्कू त्या बोटीत चढलाच नव्हता. खोलीवरून निघाला तो दुसऱ्याच बोटीवर नोकरी धरून आफ्रिकेत मोंबासाला गेला. तिकडं त्याची आधीपासून एक बाई होती. “मला ठाऊक नव्हतं गो तवा. पहिल्या सणाला मी इथं मेणबत्ती लावली. माझ्या हातानं. मग उपासकाळात एक खलाशी आला आणि कानात सांगून गेला, की तो हाय, त्याला पोरगा झालाय. मी वर्षभर झोपले न्हाय. लावलेली मेणबत्ती कशी परत घ्यायची?”

“आणि मी?”

म्हातारी गवतातली मेणबत्ती चाचपू लागली.

“मी दर जुलैत तुझ्यापुढं गुडघे टेकत होते. तू मला माफ करत होतीस.” लुईजाचा आवाज चढला नाही. “कशाची माफी देत होतीस, माय?”

“तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस,” मोनिमाय म्हणाली. “मला कोण होतं?”

खाडीवर धुकं उतरायला लागलं होतं. लुईजा उभी राहून त्या क्रूसाकडे बघत होती. कोट आणि बूट. इतकी वर्षं ती एका बुटांच्या जोडीला घाबरत आली होती. पास्कू तिला ओढत नव्हता. समुद्रानं तिच्याकडून काही मागितलं नव्हतं. एका माणसाला लग्न करायचं नव्हतं आणि ते सांगायची त्याची छाती झाली नाही, एवढंच घडलं होतं. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि राग येणं तिला इतकं अनोळखी होतं, की काही वेळ तिला ते दुखणंच वाटलं.

पण दुमिंग आला नव्हता, हे तरी खरंच होतं. मेलेल्याचा शाप नसला, तरी लाँच बुडायच्या थांबत नाहीत.

तिनं म्हातारीला उठवलं. “चल. दव पडतंय.”

“फादरांकडं?”

“घरी.”

रविवारी सकाळी नेहमीसारखी ती मोनिमायला हाताला धरून देवळात घेऊन गेली आणि तिच्याच शेजारी बसली. दुमिंगची जागा रिकामी होती. ती जागा सगळ्यांनी पाहिली. सत्तेचाळीस साली ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी जास्त वेळ पाहिली. फादर गोन्साल मिसा संपवताना अडखळले. ते लुईजाकडे बघत होते. तिनं नुसती मान हलवली असती, तरी ते न पुकारता आत गेले असते. तिनं मान हलवली नाही. सरळ त्यांच्याकडे बघत राहिली.

फादरांनी चष्मा कपाळावर सरकवला. दुमिंगचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं. मग लुईजाचं. कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर...

शेजारी मोनिमाय उठायला लागली. बाकाच्या कडेवर तिची बोटं पांढरी पडली होती. ती काय बोलणार होती, सगळ्यांपुढं कबूल करणार होती की खोट्याला आणखी एक गाठ मारणार होती, ते लुईजाला कधीच कळलं नाही. तिनं म्हातारीच्या मनगटावर हात ठेवला, शिडाचा काठ धरावा तसा घट्ट.

“बस, माय. मला सांगायचं होतं ते सांगून झालंय तुझं.”

म्हातारी बसली. कुणीतरी खोकलं. फादर पुढं गेले.

मिसा सुटून माणसं पायऱ्यांवर आली, तोच खालून धक्क्याकडून नामाची हाळी आली. नामा कधी गाणं म्हणत नसे, पण तो जे काही ओरडत होता त्याला चाल होती. धुक्यातून आधी एक पत्र्याची पेटी दिसली, मग ती डोक्यावर घेतलेला दुमिंग, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला.

“भरती चुकली,” तो लुईजापुढं येऊन म्हणाला. “लाँच रेवसच्या बाहेर गाळात रुतली. सगळी रात एका म्हाताऱ्याच्या घोरण्यात काढली. तिसरी पुकारली?”

“पुकारली.”

“माझ्याविना?”

“तुझ्याविना,” ती म्हणाली, आणि लोकांदेखत त्याच्या बाहीवरचा चिखल पुसायला लागली.

लग्नाच्या दिवशी ती निळं लुगडं नेसली. पास्कूचं तिनं दुमिंगशिवाय कुणाला सांगितलं नाही. क्रूस होता तिथंच राहिला. मेलेल्यांच्या दिवशी तिथं मेणबत्ती दिसेना, तेव्हा गावानं धरलं की नव्या नवऱ्यानं जुनं विसरायला लावलं. मोनिमाय रेवदंड्याला आली नाही. लुईजाच दर दोन दिवसांआड तरीतून भाकरी, कालवण घेऊन येई. जुलैची ती तारीख आली, की म्हातारी जेवणाला हात न लावता तिच्याकडे बघत बसे. “लुईजा, मला...”

“जेव आधी. गार होतंय.”

त्यापुढं लुईजा जाऊ देत नसे. वाईट वागली नाही, पण माफीचे ते शब्दही तिच्या तोंडून निघाले नाहीत. असे पाच पावसाळे गेले.

त्रेसष्टच्या श्रावणात मोनिमाय वारली. दफनभूमीत जागा कमी. नीकलावनं विचारलं, पोराच्याच कबरीत ठेवायची का, तिथं तर नुसते कपडेच आहेत. लुईजा हो म्हणाली. खणताना कोटाचं काही सापडलं नाही. बूट मात्र निघाले, चामडं कडक झालेलं, टाचांना खिळे तसेच. एकदाही न वापरलेले. खणणाऱ्यानं ते मातीतून काढून तिच्याकडे धरले. तिनं ते परत खड्ड्यात टाकायला लावले.

देवळात शवपेटी बंद करायच्या आधी फादरांनी विचारलं, कुणाला शेवटचं बघायचंय का. लुईजा पुढं झाली. तिनं शिडं शिवून घट्टे पडलेला आपला हात म्हातारीच्या कपाळावर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. ओठ हलले, पण पाऊस कौलांवर इतका वाजत होता, की शेजारी उभ्या असलेल्या दुमिंगलाही ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मग म्हातारीच्या कबरीपाशी तिनं कमरेच्या पिशवीतून एक मेणबत्ती काढली, आणि ती पावसात विझू नये म्हणून दुमिंगला टोपी धरायला सांगितलं.